फोर बाय फोर पिकअप: नॉबचा ट्रान्सफर केस काढून दांड्याचा बसवायचा का?



आजचा मेसेज फवारणीचा नाही, खताचाही नाही. आज गाडीचा आहे. मेसेज लांब आहे, संध्याकाळी सवडीने वाचा. फोर बाय फोर पिकअप ज्यांच्याकडे नाही आणि घ्यायचीही नाही त्यांनी सोडून दिला तरी चालेल.

गेल्या महिन्याभरात चार सभासदांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. जुनी फोर बाय फोर घेतलीय, डॅशबोर्डवर गोल नॉब आहे, नॉब फिरवला की पुढची चाकं लागायला पाहिजेत पण ऐन चिखलात लागत नाहीत. मिस्त्री म्हणतो, "ही इलेक्ट्रिकची भानगडच काढून टाकू, दांड्याचा ट्रान्सफर केस बसवू." तर ताई, बसवू का?

माझा डिप्लोमा शेतीचा आहे, गॅरेजचा नाही. पण ह्या विषयात आपल्या कंपनीने पैसे घालवून शिकून घेतलंय, आणि त्या निर्णयात मीही होते. म्हणून लिहिते. उत्तर आधीच सांगते: दांड्याचा केस बसवता येतो आणि बसला की चांगला चालतो. पण बिघाड केसच्या आत आहे का बाहेर, हे पक्कं झाल्याशिवाय एक बोल्टही खोलू देऊ नका.

*आपल्या गाडीचं काय झालं*

मागच्या सप्टेंबरची गोष्ट. संकलनाची पिकअप 40 क्रेट टोमॅटो घेऊन शिवार रस्त्याने डांबरीकडे निघाली. म्हणजे आठशे किलो माल, वर क्रेटचं वजन वेगळं. दोन दिवसांचा पाऊस, काळी जमीन. ओढ्याच्या अलीकडे मागची चाकं जागेवर फिरायला लागली. ड्रायव्हरने नॉब फोर एच वर टाकला, तर दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुढची चाकं काही लागली नाहीत. ट्रॅक्टर यायला दीड तास, गाडी निघेपर्यंत पिंपळगावचा लिलाव आटोपलेला. माल दुसऱ्या दिवशी गेला, खालच्या थरातला बराच मऊ पडला होता. नुकसान सभासदाचं झालं, आपलं नाही, हे मला जास्त लागलं.

हे महिन्यात दुसऱ्यांदा झालं होतं. गॅरेजवाल्याने गाडीखाली बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "मोटर गेली, नवी महाग पडेल, दांड्याचा जुना केस मिळतो, तो टाकू." आम्हाला पटलं. केस, मजुरी, दांड्याची जुळवाजुळव मिळून 46 हजार गेले (हिशोब वार्षिक सभेत मांडलेला आहे). चार दिवसांनी गाडी आली, दांडा ओढला, खट्ट करून लागला. सगळे खूश. पुढच्याच पावसात गाडी त्याच ओढ्यापाशी रुतली. दांडा फोर एच मध्ये, आणि पुढची चाकं ढिम्म.

मग दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मी तीन दिवस त्याच्याजवळ उभी राहून बघितलं, खाली जे लिहिते ते तिथे शिकलेलं. आपल्या गाडीत पुढच्या अॅक्सलचा जोड व्हॅक्यूमने लागतो. त्याची रबरी नळी उंदराने कुरतडली होती. शेडमध्ये गाडी रिकाम्या पोत्यांशेजारी उभी राहायची, दुसरं काय होणार. नळी 120 रुपयांची. काढून ठेवलेला जुना केस टेबलावर घेऊन मोटरला बॅटरी जोडली, मोटर घर्र करून छान फिरली.

*आत काय असतं*

विहिरीवरचा पंप चालू झाला नाही म्हणून कोणी लगेच मोटर वर काढत नाही. आधी फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, ऑटो स्विच बघतो, केबल बघतो. इथेही तेच आहे, फक्त हे सगळं गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही.

गिअरबॉक्सच्या मागे जे धूड असतं तो ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सकडून आलेली ताकद तो मागच्या प्रोपेलर शाफ्टला नेहमीच देतो, आणि सांगितलं तर पुढच्या शाफ्टलाही देतो, बहुतेक गाड्यांत आतल्या जाड साखळीने. फोर एल म्हणजे लो मध्ये टाकलं की आतला गिअरचा संच चाकांचा वेग कमी करून ओढ साधारण अडीचपट वाढवतो.

हे बदल करायला आत दोन फोर्क असतात. फोर्क सरकला की जोड लागतो. फोर्क सरकवणार कोण, एवढाच नॉब आणि दांडा ह्यांच्यातला मुख्य फरक. दांड्याच्या गाडीत तुमचा हात सरकवतो. नॉबच्या गाडीत केसच्या बाहेर मुठीएवढी मोटर बसवलेली असते, ती एक दांडी फिरवते, दांडी फोर्क सरकवते. मोटर कुठवर फिरली हे एक सेन्सर सांगतो, आणि मधे एक कंट्रोलर बसून ठरवतो की आता फिरवायचं का नाही. काही केसमध्ये आत चुंबकाची कॉइलही असते, ती चालत्या गाडीत पुढच्या शाफ्टला आधी वेग देते आणि मग जोड लागतो, त्यामुळे धक्का बसत नाही.

ठिबकला सोलेनॉइड व्हॉल्व्ह ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे लगेच कळेल. वायर तुटली तर व्हॉल्व्ह उघडत नाही, पण व्हॉल्व्ह खराब झालेला नसतो. वरचा स्क्रू हाताने सैल केला की पाणी सुटतं.

आणि केसच्या पुढे आणखी एक जागा आहे, जी आम्ही विसरलो. पुढच्या अॅक्सलपाशी किंवा पुढच्या चाकांच्या हबपाशी वेगळा जोड असतो. काही गाड्यांत तो व्हॅक्यूमने लागतो, काहीत छोट्या मोटरने, काहीत खाली उतरून हाताने हब फिरवावे लागतात. हा जोड लागला नाही तर केस नॉबचा असो की दांड्याचा, पुढचा शाफ्ट नुसता फिरत राहतो आणि चाकं उभी राहतात.

गाड्यांचं म्हणाल तर टाटा झेनॉन फोर बाय फोर, स्कॉर्पिओ गेटवे फोर बाय फोर, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ह्या नॉबवाल्या. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर आणि तीन दरवाज्यांची थार ह्या दांड्यावाल्या.

*आधी हे तपासा*

गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद, फक्त चावी चालू. एकाने नॉब फिरवावा, दुसऱ्याने गाडीच्या बाजूला वाकून ऐकावं. सेकंद-दोन सेकंद घर्र आवाज आला तर मोटरपर्यंत वीज जाते. आवाजच नाही आला तर फ्यूज, रिले, नॉबचा स्विच, कपलर आणि अर्थची वायर ह्या क्रमाने बघायला लावा. प्रेशरने गाडी धुणाऱ्यांच्या गाडीत कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. अर्थची वायर चिखलाने गंजून तुटते. बॅटरी अशक्त असली तरी मोटर अर्ध्यावर थांबते, कारण ती वीज खूप ओढते.

लो लागत नसेल तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच गाड्यांत गाडी उभी आहे आणि क्लच दाबलाय असा निरोप आल्याशिवाय कंट्रोलर लो लावत नाही. क्लच पेडलजवळचा छोटा स्विच गेला तरी लो जातो. लोक मोटर बदलत बसतात.

आता खरी परीक्षा. ओल्या जागेत, जिथे मागची चाकं हमखास घसरतील, तिथे गाडी हळू घाला आणि फोर एच लावा. एक माणूस बाजूला दहा-बारा फुटांवर उभा करा, पुढे किंवा मागे अजिबात नको. मागची चाकं घसरत असताना त्याने खाली पुढच्या शाफ्टकडे बघायचं. शाफ्ट थांबलेला असेल तर ट्रान्सफर केसने जोड लावलेला नाही, म्हणजे मोटर, वायर किंवा केस. शाफ्ट फिरतोय आणि पुढची दोन्ही चाकं उभी आहेत, तर केस ठणठणीत आहे, बिघाड पुढच्या जोडात आहे. ही परीक्षा आम्ही केली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पाच मिनिटांचं काम.

पुढचं एकच चाक फिरताना दिसलं तर घाबरू नका. डिफरन्शियल साधा असेल तर ताकद घसरणाऱ्या चाकाकडे पळते, पुढचं एक आणि मागचं एक फिरणं म्हणजे फोर बाय फोर लागलंय.

शाफ्ट थांबलेला आहे असं दिसलं तर मिस्त्रीला सांगून मोटर उतरवा (तीन-चार बोल्टचं काम असतं) आणि आतली दांडी पान्याने हाताने फिरवून बघा. हलकी फिरली, जागच्या जागी खटके लागले आणि जोड आला, तर केस चांगला आहे, मोटर किंवा वायरिंग दुरुस्त करा. दांडी जाम असेल, आतून करकर आवाज असेल, काढलेल्या तेलात चमचमणारा चुरा असेल, तर मग केसचं बघा. एक सावधगिरी: दांडी फिरवताना केस मधेच न्यूट्रलमध्ये जाऊ शकतो. तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये असली तरी उतारावर धावते, कारण चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. हँडब्रेक आणि दगड ह्यांच्याशिवाय कोणी खाली शिरू नका.

*मग बदलायचा कधी*

आतला केसच गेला असेल आणि नाहीतरी दुसरा घ्यायचाच असेल, तर दांड्याचा घेणं मला पटतं. किंवा कंट्रोलर मिळतच नाही, गाडी जुनी, पार्ट बंद झालेले, तेव्हाही. चांगला केस फक्त मोटरीसाठी काढायला मी सांगणार नाही.

ही अदलाबदल अमेरिकेत बरीच जुनी आहे. तिथे 1980-90 च्या दशकात फोर्डच्या एफ-150 आणि ब्रॉन्को गाड्यांत बोर्गवॉर्नरचा 1356 नावाचा केस यायचा, तो दांड्याचाही मिळायचा आणि मोटरीचाही. एकाच केसची दोन रूपं, म्हणून काम सोपं जातं. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये 246 नावाचा बटणाचा केस आला, त्यात आतला तेलाचा पंप घासून घासून मागच्या कवचाला बारीक भोक पडायचं आणि तेल गळून केस कोरडा व्हायचा. तिथे बिघाड खरोखर केसमध्ये होता, म्हणून कित्येकांनी काढून दांड्याचा 241 बसवला. पण त्यांनाही आधी दात मोजावे लागतात, कारण जीएमच्या गाड्यांत शाफ्टचे स्प्लाइन कुठे 27 तर कुठे 32.

आपल्याकडेही हाच नियम धरा. तुमच्याच गाडीच्या कंपनीने, त्याच गिअरबॉक्सवर, दांड्याचा केस दिलेला असेल तर विचार करा. "बसवू कसंतरी, अॅडॉप्टर बनवू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

केस घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा जुना केस शेजारी ठेवून बघा. आतल्या शाफ्टचे स्प्लाइन मोजा. बोल्टची भोकं जुळतात का. पुढच्या शाफ्टचं तोंड त्याच बाजूला आहे का, डावीकडचं उजवीकडे असेल तर विषय संपला. लांबी तीच आहे का, कारण दोन इंचांचा फरक पडला तरी प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, आणि कापलेला शाफ्ट नीट बॅलन्स झाला नाही तर गाडी थरथरते आणि क्रॉस खाते. लो चा रेशो तोच आहे का. आणि स्पीड सेन्सर कुठे आहे? बऱ्याच गाड्यांत तो ट्रान्सफर केसवरच असतो. नव्या केसला त्याची जागा नसेल तर मीटर बंद पडेल, आणि काही गाड्यांत इंजिनचा कंट्रोलरही गोंधळतो.

जुना केस भंगारातून घेताना हाताने फिरवून बघा, साखळी सैल असेल तर आत आपटल्याचा आवाज येतो. बिल घ्या. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर त्रास तुम्हाला.

दांडा बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती त्याच्या आधाराची. केबिनच्या पत्र्याला भोक पाडून दांड्याचा आधार पत्र्यालाच मारतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतात, जोर लागला की ते हलतात, केबिन तिथेच राहते. मग ऐन ओढीत दांडा आपोआप सुटतो. आधार गिअरबॉक्सला किंवा केसलाच पाहिजे. भोकाला रबरी बूट घट्ट बसवा, नाहीतर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा थेट मांडीवर.

आणि विसरू नका, पूर्वी पुढच्या जोडाला "आता लाग" हा निरोप कंट्रोलर द्यायचा. कंट्रोलर काढलात तर तो निरोप देणारं दुसरं काहीतरी लागेल. दांड्याच्या केसवर त्यासाठी एक स्विच असतो, त्याची वायर पुढच्या जोडापर्यंत न्यायची. एबीएस असलेल्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा पेटून राहू शकतो, तो फक्त दिवा आहे की एबीएस खरंच बंद झालंय, हे स्कॅनर लावून बघून घ्या. ह्या कामाला मिस्त्रीबरोबर ऑटो इलेक्ट्रिशियनही लागतो, हे पैसे आधीच धरा.

केस तीस-चाळीस किलोचा असतो. छातीवर घेऊन उतरवायचा नाही, खाली जॅक लावायचा.

तेलाचं एक. पुष्कळ केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल लागतं. गॅरेजमध्ये सवयीने 90 नंबर ओततात. पुस्तकात बघून, डब्यावरचं नाव वाचून मगच घाला.

आरसीवर ट्रान्सफर केसचा नंबर नसतो, इंजिन आणि चेसिसचा असतो. तरी विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर हा विषयच काढू नका, शोरूमला न्या.

एकाने विचारलंय, साध्या टू व्हील पिकअपला हा केस टाकून फोर बाय फोर होईल का. नाही. पुढचा अॅक्सल, डिफरन्शियल, शाफ्ट, सगळंच लागतं. त्या पैशात दुसरी गाडी बघा.

*दांडा असो की नॉब, चालवताना*

चिखलात रुतल्यावर फोर बाय फोर आठवतं, तिथेच चुकतं. मागची चाकं जोरात फिरत असताना जोड लावला तर दात झिजतात किंवा लागतच नाही. शेतात शिरायच्या आधी, गाडी सरळ असताना, हळू वेगात फोर एच लावा. लो साठी गाडी जवळजवळ थांबवा, क्लच पूर्ण दाबा, मग टाका.

डांबरीवर आलात की लगेच टू एच. ट्रॅक्टरचा पुढचा गिअर रस्त्यावर काढतो ना, तसंच. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात ती घसरून घेतात, डांबरीवर घसरत नाहीत, मग सगळा ताण साखळीवर आणि क्रॉसवर येतो. ह्या ताणामुळे दांडा अडकला आणि निघेना, तर हिसके देऊ नका. गाडी सरळ दहा फूट मागे घ्या, सैल होतो.

मागे नवे टायर आणि पुढे गुळगुळीत, असं फोर बाय फोर गाडीला चालत नाही. चारही एका मापाचे, साधारण सारख्या झिजेचे ठेवा.

महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर एच लावून चालवा. वापर नसला की जोड जाम होतात. आणि शेडमध्ये गाडीशेजारी पोती रचू नका.

आपली गाडी आता दांड्यावर आहे आणि ड्रायव्हर खूश आहे, हेही सांगायला पाहिजे. काढलेला नॉबचा केस मोटरीसकट संकलन केंद्रात ठेवलाय. शनिवारी सकाळी मिस्त्री येणार आहेत, मोटर उतरवून दांडी हाताने कशी फिरवायची ते दाखवतील. ज्यांना आपली गाडी तपासून घ्यायची आहे त्यांनी गाडी न धुता आणा, पण खालचा चिखल काठीने काढून आणा. सोबत गाडीचं पुस्तक असेल तर तेही. कांद्याच्या बियाण्याची नोंदणी त्याच दिवशी दुपारपर्यंत सुरू आहे.